शेतीशाळा बांधावरच भरवा

पहिलंच सांगते, शेतीशाळेला, म्हणजे शेतकऱ्यांनी गटानं शिकायच्या बैठकांना, हॉल घेऊ नका. मी तेच केलं होतं. समाजमंदिरात सतरंज्या, पडद्यावर चित्रं, चहा-खारी. चाळीस जण आले. पुढच्या खेपेला सहा, त्यातले दोघं घरचेच.

शेतीशाळेची रीत १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या रानात सुरू झाली. तिचं मर्म एवढंच, की शिकवणारं रान, आपण नुसतं माणसं जमवायची.

आमच्या करवीर भागात वीस-तीस गुंठ्यांचे धनी जास्त, आणि त्यात ऊसच. गट एकाच उपशावरचा, म्हणजे एकाच पंपाच्या पाण्यावरचा करा, वीस-पंचवीस जणांचा. पाण्याची पाळी एक असली की माणसं रानातच गाठ पडतात. वेळ डेअरीला दूध घालून झाल्यावरची धरा. बायकांना आवर्जून बोलवा. भांगलण त्या करतात, माती त्यांच्या हाताखालनं जाते.

पहिल्या दिवशी भाषण नको. बांधावरच्या गवताखालचं एक ढेकूळ आणि सरीतलं एक, दोन्ही सावलीत खडखडीत वाळवून ठेवा. काचेच्या दोन गिलासांत पाणी घेऊन अलगद सोडा. सरीतलं बुडबुडे काढत कडेनं ढासळतं, तळाला गाळ बसतो. गवताखालचं बराच वेळ तसंच राहतं, मुळ्या आणि कुजलेला पाला त्याला धरून ठेवतात. आमच्या गटातल्या तात्यांनी गिलास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "बांधावर कोण ऊस लावतंय गं?"

असा शंका काढणारा माणूस गटात पाहिजेच. प्रयोग त्याच्याच खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतनं पुन्हा फुटणाऱ्या पिकात घ्या. "पाचट पेटवू नका" म्हणायचंच नाही (पाचट म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेला उसाचा वाळका पाला). दहा गुंठं त्यांच्या रिवाजानं पेटवू द्या, शेजारच्या दहा गुंठ्यांत ठेवा. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं. टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून लगेच पाणी द्यायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यावरनं आपला हिशेब करा. माझ्या रानात पहिल्या साली पाचट बुडख्यांवरच राहिलं, कोंब गुदमरले, खोडवा विरळ झाला. ती नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा पडलेली सरी मी गटाला मुद्दाम दाखवते. आपली चूक दाखवली की लोक त्यांचीही सांगतात.

पुढं पंधरवड्याला एकदा जमायचं. पाचट बाजूला करून बोटानं ओल बघायची, गांडुळं मोजायची, पाण्याच्या तारखा वहीत लिहायच्या. वही ज्याचं रान त्याच्याकडंच ठेवा. आमची तात्यांकडं आहे. उन्हाळ्यात पाचटाच्या बाजूला ओल टिकली आणि पाण्याची पाळी चार दिवस लांबली, ते त्यांनीच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला पाणंदीत थांबवून विचारलं, "संवर्धक मिळतंय कुठं?"