कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना कसा द्यावा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘फिकल कॅलप्रोटेक्टिन’ असे लिहिलेले असले की शौच तपासायचे आहे एवढेच बहुतेकांना कळते. पण त्यात नेमके काय मोजले जाते हे समजून घेतले, तर नमुना देताना कोणती काळजी घ्यायची हेही उमगते. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधले प्रथिन असून ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि जंतूंना लागणारे जस्त व मँगेनीज अडवून त्यांची उपासमार करते. आतड्याला दाह झाला की या पेशी तेथे धाव घेतात, आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि हे प्रथिन शौचात मिसळते. कॅल्शियम जोडलेले असल्यामुळे ते पाचकरसांनी सहज तुटत नाही.

प्रथिन टिकाऊ असले, तरी त्याचा आकडा फसवा ठरू शकतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी तो वाढतो, ॲसिडिटीच्या काही गोळ्यांनीही वाढू शकतो. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत आणि कोणती किती दिवस थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्यावे. हृदयविकारासाठी घेत असलेली ॲस्पिरिन स्वतःहून कदापि बंद करू नये. मासिक पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर नमुना काही दिवस पुढे ढकलता येईल का, हे विचारावे.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्यावा. भारतीय पद्धतीच्या शौचकूपात आधी स्वच्छ, कोरडा कागद किंवा प्लास्टिकची पिशवी पसरावी, कारण लघवी किंवा पाणी मिसळल्यास नमुना पातळ होतो. लॅबमधून मिळणाऱ्या डबीच्या झाकणालाच आतून छोटा चमचा असतो. त्याने दोन-तीन ठिकाणचे मिळून सुपारीएवढे शौच घ्यावे, डबी काठोकाठ भरू नये. झाकण घट्ट लावून नाव, तारीख आणि वेळ लिहावी. त्याच दिवशी पोहोचवणे उत्तम. ते जमत नसेल, तर डबी वेगळ्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि लॅबने सांगितलेली मुदत पाळावी.

अहवालात प्रौढांसाठी साधारणपणे 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपर्यंतचा आकडा सामान्य मानतात. 50 ते 250 हा संदिग्ध पट्टा असून तेथे बहुधा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. त्याहून वरच्या आकड्याला दुर्बिणीच्या तपासणीचा विचार होतो. लहान मुलांमध्ये, विशेषतः चार वर्षांखालील, हा आकडा मुळातच जास्त असतो. वाढलेला आकडा दाह सांगतो, त्याचे कारण नाही: क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांप्रमाणेच जंतुसंसर्गाने आणि आपल्याकडे आढळणाऱ्या आतड्याच्या क्षयरोगानेही तो वाढतो. पुढच्या वेळी तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर आकडा सामान्य आला तरी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.