जुन्या वास्तूंच्या जतनासाठी सरकारकडून कायदा आणि निधी कसा मिळवावा

जुनी वास्तू पाडायला यंत्रं दारात आली की लोक गोळा होतात, फलक लागतात, सह्या गोळा होतात. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पाडण्याची परवानगी निघालेली असते आणि थांबवायला हातात कायदा नसतो. न्यूयॉर्कचं भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं आणि शहराचा वारसा-संरक्षण कायदा आला १९६५ मध्ये. ते स्टेशन परत आलं नाही. त्याच शहरातलं ग्रँड सेंट्रल स्टेशन मात्र त्याच कायद्यामुळे वाचलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. म्हणून कायद्याचा आणि पैशाचा पाठपुरावा धोका दारात येण्याआधीच सुरू करायला हवा. तो कसा करायचा, ते पुढे सांगतो.

१. अधिकार कोणाकडे आहे ते शोधा

चुकीच्या दारात दिलेलं निवेदन वर्षभर फिरत राहतं. संरक्षण वेगवेगळ्या पातळ्यांवर असतं आणि प्रत्येक पातळीची ताकद वेगळी असते. अमेरिकेत एखादी इमारत राष्ट्रीय नोंदवहीत असली, तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती पाडू शकतो. त्याला अडवू शकतो तो शहराचा स्थानिक कायदा. भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो. राहत्या-वापरत्या इमारतींसाठी शहराची नियमावली लागते, जशी मुंबईत १९९५ मध्ये आली. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीवरही विसंबू नका. तो मान मोठा आहे, पण जर्मनीतल्या ड्रेस्डेनने २००९ मध्ये आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूलने २०२१ मध्ये तो गमावला, कारण तिथल्या नव्या बांधकामांना यादी रोखू शकली नाही.

आपल्याला हवी ती गोष्ट कोण मंजूर करतं, मसुदा कोणत्या विभागात तयार होतो आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) येतो, या तीन प्रश्नांची उत्तरं हाती येईपर्यंत कोणाची भेट मागू नका.

२. यादी करा आणि पुरावा गोळा करा

सरकारजवळ स्वतःच्याच स्मारकांची नीट माहिती असेल असं गृहीत धरू नका. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी नोंदवली, तेव्हा त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. असे लेखापरीक्षण अहवाल मिळवून वाचाच. सरकारच्याच यंत्रणेने लिहिलेलं वाक्य अधिकाऱ्यासमोर ठेवलं की वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

आपल्या यादीत प्रत्येक वास्तूचं ठिकाण, मालकी, सध्याचा वापर, अवस्था आणि तारखेसह छायाचित्र हवं. छायाचित्र दर्शनी बाजूचं एक पुरे. बाकीची दुखण्याची घ्या. छताची पन्हळ फुटली की पाणी भिंतीत मुरतं, चुना सुटतो आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक आतून कुजतं. बाहेरून ते दिसतही नाही. आज नुसती पन्हळ बदलून भागेल, पण काही पावसाळे गेले की तुळई, मग अख्खं छत बदलावं लागेल. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याकडून या दोन्ही खर्चांचं लेखी अंदाजपत्रक घ्या. ‘आपला गौरवशाली वारसा’ या शब्दांपेक्षा हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहून वित्त विभाग लवकर हलतो.

३. मागणी एका वाक्यात मांडा

‘वारसा जपा’ ही भावना झाली, तिच्यावर कोणी सही करू शकत नाही. ‘नोंदणीकृत वास्तूच्या मालकाला छत आणि पाण्याचा निचरा यांच्या दुरुस्तीसाठी मंजूर खर्चाच्या निम्मं अनुदान द्यावं आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं’ ही मागणी झाली. कोणी, काय, किती आणि कधी, हे सगळं त्यात आहे. निवेदन एका पानाचं असावं, बाकी सगळं जोडपत्रात.

४. पैसा कोणत्या वाटेने यावा ते सुचवा

थेट अनुदान सगळ्यांना सुचतं, पण तंगीच्या वर्षी कात्रीही त्यालाच आधी लागते. म्हणून दुसऱ्या वाटाही मांडा.

कर-सवलत ही माझ्या मते सर्वांत टिकाऊ वाट. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या प्रमाणित ऐतिहासिक इमारतीच्या नूतनीकरणावर पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी सूट थेट केंद्रीय करातून मिळते. काम ठरलेल्या निकषांनुसार झालं तरच ती मिळते, त्यामुळे दर्जाही राखला जातो. २०१७ च्या करसुधारणेत प्रतिनिधीगृहाच्या मसुद्याने ती काढूनच टाकली होती. शेवटी ती वाचली, पण पाच वर्षांत विभागून. मिळालेल्या सवलतीवरही असा पहारा ठेवावा लागतो. उलट काही कर जतनाच्या मुळावर येतात. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य, तर जुन्याच्या दुरुस्तीवर साधारणपणे २० टक्के. म्हणजे पाडून नवं बांधणाऱ्याला सरकारच हात देतं. आपल्या करांत अशी उलटी गणितं आहेत का, ते तपासा. ती दुरुस्त करून घेणं ही एक पूर्ण मोहीम होऊ शकते.

तिसरी वाट राखीव स्रोताची. अमेरिकेचा ऐतिहासिक जतन निधी १९७६ मध्ये स्थापन झाला. त्याचा पैसा समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून येतो आणि कायद्यात वर्षाला १५ कोटी डॉलरची तरतूद ठरवली गेली. तरी प्रत्यक्षात हाती येतं ते दरवर्षी संसद मंजूर करेल तेवढंच. ब्रिटनने १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीतला हिस्सा वारशाकडे वळवला, तर फ्रान्सने २०१८ मध्ये वारशासाठी खास लॉटरी काढली.

५. कायद्याचा मसुदा बारकाईने वाचा

इथे घाई करू नका, कारण जुनी इमारत बहुतेकदा मसुद्यातल्या फटीतूनच निसटते. १९८० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या फायरस्टोन कारखान्याला संरक्षण मिळणार होतं. जोडून आलेल्या सुट्टीत, आदेश लागू होण्याआधीच, त्याची देखणी दर्शनी बाजू पाडली गेली. म्हणून प्रस्ताव दाखल झाला त्या क्षणापासून अंतिम निर्णयापर्यंत तात्पुरतं संरक्षण हे कलम हवंच हवं. दंडाची रक्कम नव्या बांधकामाच्या नफ्यापुढे किरकोळ ठरत नाही ना, हेही पाहा. मालकाने मुद्दाम दुर्लक्ष करून इमारत ढासळू दिली, तर दुरुस्तीची सक्ती करण्याचा अधिकार कोणाला आहे? तज्ज्ञ समितीचा सल्ला धुडकावला, तर लेखी कारणं द्यावी लागतात का? आणि कायदा खुद्द सरकारला बांधतो का? अमेरिकेच्या १९६६ च्या कायद्यातलं कलम १०६ म्हणूनच मोलाचं आहे. केंद्रीय यंत्रणेला स्वतःच्या प्रकल्पाचा वारशावर होणारा परिणाम त्यामुळे आधी विचारात घ्यावाच लागतो.

सगळं एकदम मिळणार नाही. ब्रिटनमध्ये खासदार जॉन लबक यांनी प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचं पहिलं विधेयक १८७३ मध्ये मांडलं. पुन्हा पुन्हा फेटाळलं गेल्यावर कायदा झाला तो १८८२ मध्ये आणि तोही मालकाच्या राजीखुशीवर चालणारा. सक्तीचे अधिकार आले १९१३ मध्ये. कमकुवत कायदा नाकारू नका, पण दुरुस्तीचा मसुदा त्याच दिवशी लिहायला घ्या.

६. मालकाला सोबत घ्या

सर्वांत जोरदार विरोध मालकांकडून येतो आणि त्यात तथ्य असतं. इमारत यादीत गेली की बंधनं त्याच्यावर, अभिमान मात्र सगळ्यांचा. संरक्षणाची आणि मदतीची मागणी म्हणूनच एकाच निवेदनात करा. डागडुजीला अनुदान मिळालेल्या एखाद्या मालकाने समितीपुढे केलेलं निवेदन दहा इतिहासतज्ज्ञांवर भारी पडतं. भाडेकरू, गवंडी, सुतार, दुकानदार आणि पर्यटनावर पोट असलेले लोकही हवेत. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल, तर राजकीय पाठपुराव्यावर कायद्याने काय मर्यादा आहेत ते आधी पाहून घ्या. निवडणुकीत कोणा उमेदवाराच्या बाजूने उभे राहू नका.

७. वेळ साधा आणि जागेवर न्या

अर्थसंकल्प मांडला त्या दिवशी दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाचं झालं. विभागांचे प्रस्ताव कित्येक महिने आधी गोळा होतात, तेव्हाच पोहोचा. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात मसुदे वाचणारी व्यक्ती कोण, ते शोधून तिच्याशी नीट बोला. मग लोकप्रतिनिधींना प्रत्यक्ष जागेवर बोलवा आणि ती फुटलेली पन्हळ, ती ओली भिंत दाखवा. भिंतीला हात लावू द्या. माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘तपासून कळवतो’ म्हणा आणि दोन दिवसांत खरंच कळवा. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही भेटा, कारण कायद्याचं आयुष्य सरकारपेक्षा मोठं असतं.

८. मंजुरीनंतर

कायदा झाला की नियम, समितीवरच्या नेमणुका आणि निरीक्षकांची पदं उरतात. यातलं काहीही अडकलं तर कायदा कागदावरच राहतो. नियमांच्या मसुद्यावर मुदतीत लेखी हरकती-सूचना द्या. दरवर्षी किती तरतूद झाली, किती खर्च झाली आणि किती परत गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी ‘मागणी नाही’ म्हणून कापला जातो, म्हणून पात्र मालकांचे अर्ज भरून देण्याचं कामही संघटनेनेच अंगावर घ्यावं.