जहाजाच्या इंजिनची वाया जाणारी उष्णता कामाला कशी लावायची

जहाजावर नवीन आलेल्या ज्युनियर इंजिनियर पोरापोरींसाठी लिहितोय. टू-स्ट्रोक मेन इंजिनात जाळलेल्या तेलातली साधारण निम्मी ताकद प्रोपेलरला मिळते, जवळपास पाव हिस्सा फनेलमधून वर जातो आणि उरलेलं बरंचसं कूलिंगमधून समुद्रात. २००६ च्या एम्मा मर्स्क या कंटेनर जहाजावर एक्झॉस्टच्या उष्णतेवर टर्बाइन फिरवून वीज बनवायची सोय केली होती, पण साध्या बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारं जहाज) आपल्या हातात असतो इकोनोमायझर (एक्झॉस्ट गॅसच्या उष्णतेवर वाफ बनवणारा बॉयलर) आणि फ्रेश वॉटर जनरेटर (समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवणारं यंत्र). तेवढं नीट सांभाळलं तरी चालत्या जहाजावर ऑइल बॉयलर (तेल जाळून वाफ बनवणारा) क्वचितच पेटवावा लागतो, हेवी ऑइलच्या टाक्या तापवणं, प्युरिफायरचे (तेल साफ करणाऱ्या यंत्राचे) हीटर सगळं एक्झॉस्टच्या वाफेवर भागतं.

सगळा खेळ काजळीचा आहे. इकोनोमायझर साफ असताना ठराविक लोडला गॅसच्या बाजूचा प्रेशर ड्रॉप किती येतो ते लिहून ठेवा, मग रोज त्याच लोडला बघा, १०-२० मिमी वॉटर कॉलमने (दाब मोजायचं एकक) वाढला की धुवायची वेळ झाली असं धरा. नुसता आकडा लॉगबुकात उतरवून काही होत नाही, लोड वेगळा असेल तर तुलना चुकते. सूट ब्लोइंग (वाफेच्या किंवा हवेच्या झोताने ट्यूबवरची काजळी उडवणं) रोज करा, आधी ब्रिजला फोन करून वाऱ्याची दिशा विचारा नाहीतर सगळी काजळी डेकवर पडते. स्लो स्टीमिंगला (जहाज मुद्दाम हळू चालवताना) गॅसचा वेग कमी होतो आणि काजळी जास्त चिकटते, तेव्हा ब्लोइंग वाढवा.

इकोनोमायझरच्या ट्यूबमधून पाणी फिरवणारा सर्क्युलेटिंग पंप इंजिन सुरू करायच्या आधी चालू पाहिजे आणि थांबल्यावरही निदान १२ तास चालू ठेवायचा, इथे घाई करू नका प्लीज, कारण कोरड्या गरम ट्यूबवरची काजळी पेटली तर ट्यूब वितळेपर्यंत जाऊ शकतं. गॅसचं आउटलेटचं तापमान इनलेटच्या वर गेलं की आग समजा, लगेच चीफ इंजिनियरला कळवा, इंजिन थांबवायची तयारी करा, पाण्याचं सर्क्युलेशन चालू ठेवा, सूट ब्लोअर आणि मॅनहोल दोन्हीला हात लावू नका.

धुताना इंजिन बंद, खालचे ड्रेन उघडे, आम्लाचं पाणी टर्बोचार्जरकडे जाता कामा नये. धुवायला घेतलं की पूर्ण धुवा, अर्धवट धुतलेली काजळी वाळली की आगीचा धोका उलट वाढतो. आणि जास्त उष्णता ओढायच्या नादात गॅसचं आउटलेट तापमान १६५ डिग्रीच्या खाली नेऊ नका, सल्फरचं आम्ल ट्यूब खातं.

वाफ डंप कंडेन्सरला (जास्तीची वाफ थंड करून पाणी करणारं यंत्र) जाताना दिसली तर ऑइल बॉयलर चुकून ऑटोवर पेटत नाहीये ना ते आधी बघा.

फ्रेश वॉटर जनरेटर ८० डिग्रीच्या आसपासच्या जॅकेट वॉटरवर (इंजिनचे सिलिंडर थंड ठेवणारं पाणी) चालतो, व्हॅक्यूम असल्यामुळे समुद्राचं पाणी ४०-५० डिग्रीलाच उकळतं. किनाऱ्यापासून २० मैल बाहेर गेल्यावरच सुरू करा आणि जॅकेट वॉटरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, एकदम उघडला तर इंजिनचं जॅकेट तापमान झपकन पडतं.