विकतचा नको, मातीचाच किल्ला

बाजारात प्लास्टरचे रंगवलेले किल्ले मिळतात, पण मुलांची दिवाळी चिखलात हात घातल्याशिवाय सुरू होत नाही. वसुबारसेच्या आठवडाभर आधी कामाला लागा. विटा-दगडांचा उतरता ढीग रचून त्यावर ओलं गोणपाट टाका. चाळलेली लाल माती कालवून दोन-तीन पातळ थरांत थापा. एकच जाड थर दिला तर तो घसरतो आणि वाळताना भेगाही पडतात. तटबंदी, बुरूज, पायऱ्या माती ओली असतानाच करा. मग अळीव पेरा. भिजले की ते बुळबुळीत होतात, त्यामुळे उतारालाही चिकटून राहतात; चार-पाच दिवसांत हिरवळ दिसते. पाणी हातानेच शिंपडा, तांब्याने ओतलंत तर बुरूज गेलाच! मावळे शेवटी मांडा. महाराज अर्थातच सर्वांत उंचावर.