प्राचीन इजिप्त शिकवताय? मग या चुका टाळा

इजिप्त हा विषय मुलांना इतका आवडतो की शिकवणाऱ्याला वाटतं आपलं निम्मं काम झालंच. ममी म्हटलं की अख्खा वर्ग कान टवकारून बसतो आणि गडबड नेमकी तिथेच सुरू होते. मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना हा विषय बरीच वर्षं शिकवतेय, भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला सगळं एकत्र गुंफून, आणि खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, म्हणून मनापासून लिहितेय.

गणितात नुसतं पिरॅमिडचं चित्र चिकटवणं

"इथे ५ पिरॅमिड, तिथे ३ पिरॅमिड, एकूण किती?" अशा गणितात पिरॅमिडच्या जागी आंबे घातले तरी काहीच बिघडत नाही, म्हणजे इजिप्त तिथे फक्त नावाला आहे. मी आता प्रत्येक तासाला हेच विचारते, यातून इजिप्त काढून टाकलं तर तास जसाच्या तसा राहतो का? राहत असेल तर तो तास बदलायचा.

गणितासाठी इजिप्तकडे खरं तर खजिना आहे. त्यांचं लांबीचं माप होतं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे चक्क आपला हात! गजरा हातावर मोजून देणारी फुलवाली मुलांनी बघितलेली असते, तिथूनच सुरू करा. वर्गातला बाक प्रत्येकाने आपापल्या हाताने मोजायचा. आमच्याकडे कुणाचे तीन हात भरले, कुणाचे साडेतीन, आणि भांडण जुंपलं की बाक एकच तर उत्तरं दोन कशी. तेव्हा सांगायचं की दगड कापणारे शेकडो लोक असे आपापल्या हाताने मोजत बसले असते तर काय झालं असतं? म्हणून तिकडे ठरलेल्या लांबीची मोजपट्टी होती, राजाचा हात, साधारण ५२ सेंटीमीटरचा, त्याचे ७ तळवे आणि एका तळव्याची ४ बोटं म्हणजे एकूण २८ बोटं. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड पायथ्याला एका बाजूने ४४० हात आणि उंचीला २८० हात. हे सांगितलं की मुलं लगेच आपल्या हाताने मैदान मोजायला पळतात, पळू द्या.

कागदी पिरॅमिड बसका होतो

ही तक्रार दरवर्षी येते. प्रमाण छान सोपं आहे, १ सेंटीमीटर म्हणजे १० मीटर, त्यामुळे पाया २३ सेंटीमीटरचा चौरस आणि उंची साधारण १४.७ सेंटीमीटर. मुलं (आणि पालकही) काय करतात तर १४.७ उंचीचे चार त्रिकोण कापतात, आणि जोडल्यावर पिरॅमिड जेमतेम ९ सेंटीमीटरचा भरतो. कारण त्रिकोण तिरका टेकतो ना! त्रिकोणाची उंची आणि पिरॅमिडची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३ पाया आणि १८.६ उंचीचे त्रिकोण कापा, बरोबर बसेल. पण एक विनंती, हे आधी सांगू नका. आधी बसका होऊ द्या, मग आत मधोमध उभी पट्टी धरून उंची मोजायला सांगा, चौथी-पाचवीतली मुलं बरोबर कारण शोधतात. आणि पाया चौकोनी असतो हेसुद्धा कित्येकांना तेव्हाच कळतं, कारण चित्रात कायम एक त्रिकोणच बघितलेला असतो.

चित्रलिपीचा तक्ता म्हणजे बाराखडी समजणं

तयार तक्ता मिळतो, प्रत्येक अक्षरासमोर एक चित्र, मुलं आपलं नाव लिहितात आणि झाली चित्रलिपी. मजा येते, मान्य, पण तो तक्ता अर्धंच सांगतो. इजिप्शियन लिपीत शेकडो चिन्हं होती, त्यातली साधारण २४ एकेका व्यंजनाची, आणि स्वर लिहायचेच नाहीत. आपल्या मराठी मुलांना हे समजावणं तर एकदम सोपं आहे, काना-मात्रा पुसून टाका! माझ्या वर्गात कमल आणि कोमल अशा दोघी होत्या, फळ्यावर दोघींचं नाव झालं क-म-ल. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. मग एक मुलगा म्हणाला, बाई मग त्यांना वाचताना कळायचं कसं? हाच प्रश्न हवा होता. इजिप्तच्या लोकांनी शब्दाच्या शेवटी अर्थ सांगणारं एक मुकं चिन्ह जोडलं, बाईचं नाव असेल तर बसलेली बाई, चालण्याबद्दलचा शब्द असेल तर दोन पाय. उच्चार त्याचा करायचा नाही, फक्त बघून समजायचं. मुलांना स्वतःची अशी चिन्हं बनवायला सांगा, 'पान' म्हणजे झाडाचं की वहीचं हे दाखवणारं चिन्ह काढताना व्याकरणाचा तास कधी झाला कळतही नाही.

अजून एक, पक्षी उलट्या दिशेला तोंड करून काढले जातात. नियम असा की माणसं आणि प्राणी ओळीच्या सुरुवातीकडे बघतात, त्यामुळे डावीकडून लिहिताय तर पक्ष्याचं तोंड डावीकडे. रोझेटा शिलालेखाची, म्हणजे एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या दगडाची गोष्ट (१७९९ ला सापडला, त्याच्या मदतीने १८२२ मध्ये शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने चित्रलिपीचं कोडं सोडवलं) नाव लिहून झाल्यावर सांगा, आधी नको, कारण कोड्यात अडकल्याशिवाय ते सोडवण्याचा आनंद कळत नाही.

नाईल नदी नकाशात "वर" वाहते

नकाशात खाली म्हणजे उताराला, असं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वरचा इजिप्त, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा दक्षिण भाग, नकाशात खाली असतो, इथे हमखास गोंधळ. भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरा, दक्षिणेच्या बाजूखाली दोन-तीन वह्या सरकवा आणि गोटी सोडा, गोटी उत्तरेला जाते. प्रश्न मिटला.

आणि पूर आपल्या पावसाशी जोडायला विसरू नका. इथियोपियाच्या डोंगरांवर पडणाऱ्या मोसमी पावसाने नाईलला पूर यायचा, म्हणजे आपली मुलं जूनमध्ये छत्र्या शोधत असतात साधारण त्याच सुमाराला तिकडे पाणी चढायला लागायचं. पूर ओसरला की काळा गाळ, त्यात पेरणी, मग कापणी, अशा चार-चार महिन्यांच्या तीन ऋतूंवर त्यांचं वर्ष चालायचं. आज तो पूर येत नाही, १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, हेही सांगाच, नाहीतर मुलं आजचा इजिप्तही तसाच समजतात. कैरो हे आज प्रचंड मोठं शहर आहे, गिझाचे पिरॅमिड त्याला अगदी लागून आहेत, तिथली मुलं अरबी बोलतात आणि आपल्यासारखीच शाळेत जातात. त्यासाठी पाच मिनिटं काढली नाहीत तर ही माणसं पृथ्वीवरून गायबच झाली असं मुलं धरून चालतात.

सगळा इजिप्त एकाच दिवशी घडला!

खुफू राजा, तुतनखामुन राजा, क्लिओपात्रा राणी, सगळे एकमेकांच्या शेजारी राहत होते असं मुलांना वाटतं. त्यात इ.स.पू. चे आकडे उलटे चालतात. फळ्यावर समजावून काही होत नाही, दोरी घ्या, १ सेंटीमीटरला १० वर्षं. एक टोक म्हणजे आज. ३५ सेंटीमीटरवर शिवरायांचा राज्याभिषेक, १६७४. साधारण २ मीटरवर क्लिओपात्रा, ३ मीटर ३५ ला तुतनखामुन आणि जवळजवळ ४ मीटर ६० ला खुफू. क्लिओपात्रा खुफूपेक्षा आपल्याला जास्त जवळ आहे हे बघून मोठी माणसंसुद्धा चाट पडतात. खुफूच्या शेजारीच हडप्पा आणि मोहेंजोदडोची चिठ्ठी लावा, तीही शहरं त्याच सुमाराची.

उंट, चाबूक आणि गुलाम

चित्रात पिरॅमिड बांधताना उंट दिसला की तो खोडायला सांगा, त्या काळी ओझी वाहायला गाढवं आणि होड्या होत्या. चाबूक खाणारे गुलाम तर प्रत्येक मुलाच्या चित्रात असतात. १९९० मध्ये गिझाला कामगारांची थडगी सापडली, त्यांच्या वस्तीत रोटी भाजायच्या भट्ट्याही मिळाल्या, काहींची मोडलेली हाडं नीट जुळून आली होती म्हणजे त्यांच्यावर उपचार झाले होते. पाळीपाळीने कामावर आणलेली ही माणसं, कष्ट भयंकर, पण त्यांना शिधा मिळायचा. आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये पपायरस (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेले लिहायचे कागद) सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, तूराच्या खाणीतला चुनखडक होडीने गिझाला कसा नेला याची! भाषेच्या तासाला मुलांना मेरेरच्या टोळीतला एक माणूस होऊन एका दिवसाची रोजनिशी लिहू द्या. एका मुलीने लिहिलं होतं, "आज वारा नव्हता, भाकरी आणि कांदा खाल्ला, दगड अजून होडीतच आहे." राजांची नावं पाठ करून हे येत नाही.

ममीचा तास

इथे जरा सांभाळून. मेंदू नाकातून कसा काढायचे यावर वर्ग किंचाळतो, शिक्षकाला वाटतं वा काय रंगला तास. एकदा एका मुलाने हळूच विचारलं, "आमच्या आजोबांचं हृदय कुठे ठेवलं?" आजोबा जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी आधी पालकांना विचारून घेते, आणि सुरुवात किळसवाण्या भागापासून करत नाही, तर गेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासात शरीर लागेल या त्यांच्या श्रद्धेपासून करते. हृदय ते शरीरातच ठेवायचे, कारण विचार तिथूनच होतो असं ते मानायचे. त्या मुलाला तेच सांगितलं. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतात, आपल्या घरी काय करतात हे ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगावं, जबरदस्ती नाही.

विज्ञानाचा प्रयोग मात्र जरूर करा. ममी करताना शरीर मिठासारख्या क्षारात ठेवून सुकवायचे, तेच इथे फळावर करून बघायचं. सफरचंदाच्या दोन सारख्या फोडी, वजन करून, एक उघडी आणि एक मीठ नि खाण्याचा सोडा समसमान घेऊन त्यात पूर्ण गाडलेली. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, बोंबील खारवून वाळवतात, हे मुलांना घरून माहीत असतंच. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी, एकतर फोड वरून उघडी राहते, नाहीतर मिश्रण ओलं होऊन त्याचा गोळा होतो आणि कुणी बदलत नाही. आठवड्याने नवीन मिश्रण घाला, पुन्हा वजन करा. आणि हा प्रयोग पावसाळ्यात करूच नका, मीठ हवेतलंच पाणी ओढत बसतं, फोड सुकायच्या ऐवजी सडते. नाईलचा पूर जून-जुलैमध्ये घ्या, खिडकीबाहेर पाऊस असताना, आणि मीठ-सोडा जानेवारीसाठी ठेवा.