विक्रमी सुवर्णनाणे जाहीर झाल्यावर संग्राहकाने ते कसे पारखावे

आजवरचे सर्वांत मोठे सोन्याचे नाणे घडवल्याची घोषणा एखाद्या टांकसाळीने केली की नाणेसंग्राहकांत ठरावीक तीन सूर उमटतात. काहींचे डोळे दिपतात, काही जण ‘याला नाणे म्हणायचे तरी कसे’ असे म्हणत नाक मुरडतात आणि उरलेले लगेच वजनाला सोन्याच्या भावाने गुणू लागतात. तिन्ही सुरांत थोडेफार तथ्य असते, परंतु ते बहुधा नाण्याचा तपशील न वाचताच लावलेले असतात. आपले मत बनवण्यापूर्वी पुढील क्रमाने पडताळणी करावी.

प्रथम विक्रम नेमका कशाचा आहे, हे पाहावे. वजन, व्यास, दर्शनी मूल्य आणि लिलावात मिळालेली रक्कम ही चार वेगवेगळी मापे असून बातमीत त्यांची सरमिसळ होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ मिंटने २०११ मध्ये सादर केलेले कांगारूचे नाणे एक टन सोन्याचे आहे, म्हणजे तो विक्रम वजनाचा आणि आकाराचा. याउलट अमेरिकेचे १९३३ सालचे वीस डॉलरचे ‘डबल ईगल’ जेमतेम ३३.४ ग्रॅमचे, तरीही २०२१ मध्ये ते लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना विकले गेले. पहिल्याचे मोल धातूत आहे, तर दुसऱ्याचे दुर्मिळतेत आणि इतिहासात, त्यामुळे दोहोंना एकाच तागडीत घालू नये.

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन मापे तपासावीत. लहान नाणे फरशीवर वाजवून पाहता येते, पण टनाच्या नाण्यापुढे गणिताखेरीज उपाय नाही. शुद्ध सोन्याच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे १९.३ ग्रॅम असते. पर्थच्या नाण्याचा व्यास सुमारे ८० सेंटिमीटर आणि जाडी १२ सेंटिमीटरहून थोडी अधिक सांगितली जाते. त्रिज्येचा वर्ग १,६००, त्याला ३.१४ने आणि १२ने गुणले की सुमारे ६०,३०० घन सेंटिमीटर होतात, आणि त्याचे वजन येते साधारण १,१६० किलो. जाहीर वजन मात्र १,०१२ किलो आहे. हा फरक पाहून दचकण्याचे कारण नाही. जाडी सहसा उंचावलेल्या कडेपाशी मोजली जाते आणि आतला सपाट भाग तिच्यापेक्षा खोल असतो, म्हणून आपले उत्तर नेहमी थोडे जास्तच येते. ते जाहीर वजनापेक्षा कमी आले, तर दिलेल्या मापांत काहीतरी चुकले आहे असे खुशाल समजावे. एवढ्यावरून शुद्धता मात्र सिद्ध होत नाही, कारण टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळ आहे.

संग्राहकांचा खरा वाद पेटतो तो घडणीवरून. नेहमीचे नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती दाबून पाडले जाते. इतक्या मोठ्या चकतीवर एका दाबात ठसा उमटवणे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे असल्याने टनाचे नाणे ओतून घडवले गेले आणि त्यावर हाताने शेवटचे काम करण्यात आले. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२१ मध्ये पूर्ण केलेल्या १० किलोच्या नाण्याला सुमारे ४०० तास लागले, त्यांतले चार दिवस निव्वळ चकाकी आणण्यात गेले. ठशांखालून न गेलेल्या वस्तूला नाणे म्हणू नये, हा जुन्या संग्राहकांचा आक्षेप मला तर्काला धरून वाटतो, पण पूर्णपणे पटत नाही. नाण्याला नाणेपण देते ती सत्तेची मुद्रा आणि कायद्याने ठरवलेले मूल्य. शिवाय भव्य नाण्यांची हौस आजची नाही. जहांगीर बादशहाने १६१३ मध्ये आग्र्याला पाडलेली एक हजाराची मोहोर सुमारे १२ किलोची आणि २० सेंटिमीटर व्यासाची होती, आणि ती काही कोणी बाजारात मोडायला नेणार नव्हते.

किमतीचा विचार करताना दर्शनी मूल्य बाजूला ठेवावे. पर्थच्या नाण्यावर १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लिहिले आहे, तर घडवले तेव्हाच त्यातल्या सोन्याची किंमत ५ कोटींच्या वर होती. विचारायचा प्रश्न असा की, धातूच्या वर कोणी काही देईल का? कॅनडाच्या टांकसाळीने २००७ मध्ये घडवलेल्या १०० किलोच्या ‘मेपल लीफ’पैकी एक नाणे २०१० मध्ये व्हिएन्नात लिलावाला आले आणि सुमारे ३२ लाख ७० हजार युरोंना, म्हणजे जवळजवळ सोन्याच्याच भावाने गेले. इतके अवजड नाणे घेऊ शकणारे ग्राहक मोजकेच असतात आणि चढाओढ झाली नाही तर हौसेचे मोल मिळत नाही. वजन हेच संरक्षण, या समजुतीलाही आधार नाही. त्याच मालिकेतले एक नाणे मार्च २०१७ मध्ये बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून शिडी आणि एकचाकी हातगाडी वापरून चोरांनी पळवले. ते पुन्हा कधीच सापडले नाही.

असे नाणे प्रदर्शनात पाहायला मिळाले तर फोटो काढून मागे फिरू नये. कडेजवळ प्रकाश तिरपा पडतो तिथे उभे राहून कोरणीच्या खुणा, सपाट भागावरची लाट आणि अक्षरांच्या कडांचा धारदारपणा न्याहाळावा. ओतीव आणि ठशाने पाडलेल्या कामातला फरक तिथे स्पष्ट दिसतो. संग्रहात काही हवेच असेल तर त्याच मालिकेतले एक औंसाचे नाणे घ्यावे. कॅनडाचे १०० किलोचे नाणे मुळात अशा एक औंसाच्या नाण्यांच्या जाहिरातीसाठीच घडवले गेले होते. नोंदवहीत ‘सर्वांत मोठे’ असे लिहिताना शेजारी वर्ष अवश्य टाकावे, कारण ऑस्ट्रियाचे २००४ मधील ३१ किलोचे नाणे कॅनडाने तीन वर्षांत मागे टाकले आणि कॅनडाचे नाणे पर्थने चार वर्षांत.