एम1911 पिस्तूल कसे उघडावे, साफ करावे आणि पुन्हा जोडावे

हे पिस्तूल रोजच्या साफसफाईसाठी उघडायला एकही अवजार लागत नाही. सवय झाली की दोन मिनिटांत काम होते. मात्र कोणता भाग आधी का निघतो हे समजून घेतले तर क्रम पाठ करावा लागत नाही, आणि त्यासाठी थोडा इतिहास हवा.

फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकी सैन्याला .38 रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले. 1904 च्या थॉम्पसन-लागार्ड चाचण्यांनंतर .45 कॅलिबरच (म्हणजे गोळीचा व्यास, इंचात) हवे असे ठरले. जॉन ब्राउनिंग यांनी कोल्ट कंपनीसाठी केलेल्या रचनेची मार्च 1911 मध्ये 6000 गोळ्यांची चाचणी झाली. ती एकदाही अडली नाही, तर प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल 37 वेळा अडले. 29 मार्चला पिस्तूल स्वीकारले गेले आणि 1985 मध्ये बेरेटा एम9 येईपर्यंत ते सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

ब्राउनिंग यांच्या 1900 च्या मॉडेलमध्ये नळी पुढे एक आणि मागे एक अशा दोन लिंकवर (छोट्या हलत्या कड्यांवर) झुलायची आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागून चढायची. स्लाइडला फ्रेमवर (मुठीसह खालच्या सांगाड्यावर) धरून ठेवायला पुढे एकच आडवी पाचर होती. ती निसटली तर स्लाइड थेट नेमबाजाच्या तोंडावर यायची. एम1911 मध्ये नळीच्या मागे एकच लिंक आहे, पुढे नळीला बुशिंग (तोंडावरचे कडे) धरते आणि स्लाइड फक्त पुढच्या बाजूने निघते. उघडण्याचा सगळा क्रम या बदलातून आला आहे.

पहिले काम म्हणजे मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढणे. मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही तपासा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढले, तर चेंबरमध्ये नवे काडतूस जाऊन बसते. काडतुसे टेबलावरून दूर ठेवा.

स्लाइड पुढे जाऊ द्या. नळीखालचे स्प्रिंगचे टोपण अंगठ्याने आत दाबा आणि नळीच्या तोंडाकडून पाहताना बुशिंग घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. आता टोपणामागे अख्खी स्प्रिंग दबलेली असते. अंगठा घसरला तर टोपण डोळ्यात जाऊ शकते, म्हणून चष्मा लावा आणि टोपण हळूहळू बाहेर येऊ द्या.

स्प्रिंगचा जोर गेला की स्लाइड सहज सरकते. तिच्या डाव्या कडेवर स्लाइड स्टॉपसाठी (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या डावीकडच्या कळीसाठी) दोन खाचा आहेत. त्यांतली मागची, लहान अर्धगोल खाच स्लाइड स्टॉपच्या वरच्या कानाशी जुळवा, उजवीकडून पिन दाबा आणि स्टॉप डावीकडे ओढून घ्या. हीच पिन लिंकमधून जाते आणि नळीला फ्रेमशी बांधते. ती निघाली की स्लाइड नळीसकट पुढे येते. मग स्प्रिंगचा गाइड काढा, बुशिंग उलट दिशेला फिरवून उतरवा, लिंक पुढे वळवा आणि नळी पुढून काढा.

नळी हातात आहे तोवर तिच्या पाठीवरचे उंचवटे पाहा. गोळी सुटताना ते स्लाइडच्या आतल्या खोबणीत अडकलेले असतात. दोन्ही मिळून सुमारे पाव इंच मागे जातात, तेवढ्यात गोळी बाहेर पडून दाब उतरतो. मग लिंक नळीची मागची बाजू खाली खेचते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुंगळी फेकते. उंचवट्यांच्या कडा गोलावल्या असतील तर हे कुलूप नीट बसत नाही, आणि अशी नळी बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवायला हवी.

नळी नेहमी चेंबरच्या बाजूने ब्रशने घासा आणि चिंधीने कोरडी करा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकी काडतुसे वापरली असतील तर आधी गरम पाण्याने धुवा. त्यांच्या टोप्यांतून (बुडातल्या प्रायमरमधून) क्षार सुटतो आणि तो तेलात विरघळत नाही. तेल फार थोडे लागते: स्लाइडचे रूळ, नळीचे उंचवटे, बुशिंगची आतली बाजू आणि डिस्कनेक्टरचे (स्लाइड पूर्ण पुढे नसताना ट्रिगर निकामी ठेवणाऱ्या भागाचे) टोक. स्लाइडमधली फायरिंग पिनची (काडतुसावर आपटणाऱ्या सुईची) पोकळी कोरडी ठेवा. तिथे तेल चिकट झाले की मार हलका पडतो आणि काडतूस फुटत नाही.

जोडताना पिस्तूल उलटे धरा. लिंक सरळ उभी ठेवा, गाइडची खोलगट बाजू नळीकडे करा आणि फ्रेमच्या भोकातून लिंकचे भोक दिसते का ते पाहा. स्टॉप बसवताना तो फ्रेमवर घासत वर नेला तर कमानीसारखा ओरखडा पडतो, आणि बऱ्याच जुन्या पिस्तुलांवर तो दिसतोच. स्टॉप फ्रेमपासून किंचित दूर ठेवून खाचेसमोर आणा, मागची लहान स्प्रिंगदार पिन पातळ पट्टीने आत दाबा आणि मग सरळ ढकला.

शेवटी रिकाम्या पिस्तुलावर तीन चाचण्या घ्या. हॅमर (मागचा घोडा) चढवा, अंगठ्याची सेफ्टी लावून ट्रिगर दाबा. हॅमर पडता कामा नये, आणि नंतर सेफ्टी उतरवतानाही नाही. मुठीची सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढा, तेव्हाही हॅमर जागीच राहायला हवा. स्लाइड पाव इंच मागे धरून ट्रिगर ओढला तरी तो पडायला नको, कारण डिस्कनेक्टरचे कामच ते आहे. यांतली एक जरी चुकली तर पिस्तूल भरू नका.

काडतूस आत जाताना अडत असेल तर आधी मॅगझिन बदलून पाहा. मॅगझिनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेले असणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. पुंगळी निघत नसेल तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) ढिला झालेला असतो. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड सोडली की असे होते. ही रचना काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकेल या हिशोबाने केली आहे.